‘गुणसूत्र’ कीं ‘रंगसूत्र’?

परिभाषेचा वाद म्हटला म्हणजे सामान्य वाचक पान उलटतो, आणि त्यांत त्याचा फारसा अपराधही नसतो. मराठींत परिभाषेवर आजवर जी शाई खर्ची पडली आहे तिच्यांतील पुष्कळशी अशा शब्दांवर पडली आहे कीं, जे वर्गाबाहेर कोणी उच्चारले नाहींत व उच्चारण्याचें कारणही नव्हतें. परंतु ज्या एका शब्दाविषयीं आज आम्हांस तक्रार मांडावयाची आहे तो वर्गांत कोंडलेला राहिलेला नाहीं. तो घरांत आला आहे, बैठकींत बसला आहे, आणि वडीलकीच्या नात्यानें बोलूंही लागला आहे. ‘आमच्या घराण्याच्या गुणसूत्रांतच गणित आहे’, ‘त्याच्या गुणसूत्रांतच खोट, तो काय सुधारणार?’, ‘मुलगी चांगली आहे हो, पण शेवटीं गुणसूत्रें कोणाचीं?’ अशीं वाक्यें सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांत ऐकूं येतात, आणि बोलणाराच्या मुद्रेवर आपण नुसतें मत देत नसून जीवशास्त्राचा दाखला देत आहों असें समाधान असतें. पूर्वीं हींच वाक्यें ‘रक्त’ आणि ‘कुळी’ या शब्दांनीं होत असत. तेव्हां त्यांना निदान कोणी शास्त्र म्हणत नव्हतें.

आमचें म्हणणें असें कीं, ज्या वस्तूस आपण गुणसूत्र म्हणतों तिच्या मूळ नांवांत गुणाचा मागमूसही नव्हता. तो आपल्या भाषेनें आंत घातला. आणि आंत घातल्यामुळें, शास्त्रानें जें कधीं सांगितलें नाहीं तें शास्त्राच्या नांवावर खपूं लागलें आहे. हा शब्द बदलला पाहिजे.

मूळ नांव ‘क्रोमोसोम’. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे, आणि आमच्या वादाचा सगळा आधार तीच असल्यामुळें ती जराशी सविस्तर सांगावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याची विद्या जर्मनींत भरभराटीस आली. हे रंग निघाले कापडासाठीं. पण पेशींचा अभ्यास करणाऱ्या पंडितांस ते फारच उपयोगी पडले. पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं नुसतीच ठेवली तर ती बहुधा पाण्यासारखी पारदर्शक दिसते. आंत काय आहे याचा थांग लागत नाहीं. ती रंगांत बुडविली कीं आंतील कांहीं भाग रंग पितात, कांहीं पीत नाहींत, आणि चित्र उठून दिसूं लागतें. कील येथील वाल्थर फ्लेमिंग यानें सॅलॅमँडर नांवाच्या प्राण्याच्या (हा दिसावयास सरड्यासारखा, पण जात बेडकाच्या वर्गांतली) डिंभांच्या पेशी अशा रंगवून वर्षानुवर्षें पाहिल्या. पेशीच्या केंद्रकांतील जो पदार्थ अधाशासारखा रंग शोषून घेतो त्याला त्यानें ‘क्रोमॅटिन’ म्हटलें. आणि १८८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, पेशी दुभंगण्याच्या वेळीं या पदार्थाचे धागे कसे बनतात, ते धागे उभे चिरून त्यांचे अर्धे अर्धे भाग दोन नव्या पेशींत कसे वांटले जातात, याचें वर्णन केलें. त्या धाग्यांना मात्र अजून सुटसुटीत नांव नव्हतें. तें बर्लिनचा शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म वाल्डायर यानें १८८८ सालीं सुचविलें. ग्रीक भाषेंत ‘क्रोमा’ म्हणजे रंग, व ‘सोमा’ म्हणजे शरीर. रंग घेणारें शरीर तें क्रोमोसोम. एवढेंच.

हें ‘एवढेंच’ फार महत्त्वाचें आहे. केंद्रकाचा आनुवंशिकतेशीं संबंध असावा हा तर्क तेव्हां कोणाच्या स्वप्नींही नव्हता असें नाहीं. ऑस्कर हेर्टविग, एडुआर्ड स्ट्रासबुर्गर प्रभृतींनीं तो १८८४-८५ च्या सुमारास मांडलाही होता. आणि वाल्डायरच्या निबंधाचा विषयच मुळीं पेशीचें विभाजन व त्याचा गर्भधारणेशीं असलेला संबंध हा होता. मनांत आणतां तर ‘वंशवाहक’ म्हणा, ‘कुलसूत्र’ म्हणा, असल्या थाटाचें एखादें भारदस्त नांव तो ठेवूं शकला असता. त्यानें तसें केलें नाहीं. सूक्ष्मदर्शकाच्या नळींतून जें दिसलें तें हें कीं, कांहीं एक वस्तु आहे आणि ती रंग घेते. तेवढेंच त्यानें नांवांत घातलें. नांव उपयोगी ठरलें तर रुळेल, न ठरलें तर लवकरच विस्मृतींत जाईल, अशा आशयाचें सांगून तो मोकळा झाला. (याच गृहस्थानें पुढें १८९१ सालीं ‘न्यूरॉन’ हाही शब्द दिला. नांवें ठेवण्याच्या बाबतींत त्याचा हात चांगला होता असें म्हणावयास हरकत नाहीं.)

हा संयम किती योग्य होता तें पुढील इतिहासावरून दिसून येतें. मेंडेलनें वाटाण्यांवरून काढलेले नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले, १९०२-०३ मध्यें अमेरिकेंत वॉल्टर सटन यानें नाकतोड्यांच्या पेशींवरून आणि जर्मनींत थेओडोर बोव्हेरी यानें समुद्रांतील काटेरी प्राण्यांच्या अंड्यांवरून, त्या नियमांचा व या रंगीत धाग्यांचा मेळ घालून दाखविला. तरीही भले भले पंडित साशंकच होते. थॉमस हंट मॉर्गन हा त्यांतलाच एक. १९१० सालीं त्याच्या फळमाश्यांच्या बाटल्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला, त्याच्या संततीचा हिशेब जुळवितां जुळवितां त्याचें मत फिरलें, आणि ज्या मताविषयीं तो साशंक होता त्याच्याच सिद्धीसाठीं त्याला १९३३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. एवढी उलथापालथ झाली, पण क्रोमोसोम या नांवास धक्का लागला नाहीं. कारण त्यांत कोणतेंही मत नव्हतेंच. माणसाच्या पेशींत हे धागे किती, हें सुद्धां १९५६ पर्यंत चुकीचें शिकविलें जात होतें. ग्रंथांतून संख्या ४८ अशी छापली जाई. जो-हिन त्यिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनीं त्या सालीं ती ४६ असल्याचें दाखविलें. संख्या चुकली तरी नांव चुकलें नाहीं.

दुसरा शब्द ‘जीन’. हा त्याहून सावध मनुष्यानें घडविला. डेन्मार्कमधील विल्हेल्म योहान्सेन यानें बाजारांतून घेवड्याचें बीं आणलें, एकेका दाण्यापासून निरनिराळे वंश वाढविले, असे १९ शुद्ध वंश तयार केले, आणि प्रत्येक वंशांतील जड दाणे व हलके दाणे निवडून पुन्हां पेरले. लोकांची समजूत अशी होती कीं, जड दाण्यापासून पिढ्यान्‌पिढ्या जड दाणे निवडीत गेल्यास वंश अधिकाधिक जड होत जाईल. तसें झालें नाहीं. एकाच शुद्ध वंशांतील जड दाण्याची संतति आणि हलक्या दाण्याची संतति सरासरीनें सारख्याच वजनाची भरली. म्हणजे दाण्या-दाण्यांतला जो फरक तराजूंत स्पष्ट दिसत होता तो शेंगेंतील जागा, जमीन, पाणी, ऊन यांनीं झालेला होता. बिजांत तो नव्हताच. हा प्रयोग १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यापासून योहान्सेननें एक भेद काढला, आणि आमच्या मतें आनुवंशिकतेच्या सबंध शास्त्रांत इतका उपयुक्त भेद दुसरा नाहीं: दिसणारें रूप वेगळें, आणि बिजांतील ठेवण वेगळी. पहिल्यावरून दुसऱ्याचें अनुमान थेट करतां येत नाहीं. बिजांतील त्या ठेवणीचे जे घटक असतील त्यांना नांव देतांना त्यानें, डार्विनच्या एका जुन्या कल्पनेवरून ह्यूगो द फ्रीस यानें घडविलेला ‘पँजीन’ हा शब्द घेतला, कल्पनेचें ओझें वाहणारें त्यांतलें ‘पॅन’ छाटून टाकलें, आणि १९०९ सालीं उरलेला ‘जीन’ शास्त्राच्या हवालीं केला. हा शब्द कोणत्याही तर्कापासून सर्वस्वीं मुक्त असावा, हा आपला हेतु त्यानें स्पष्ट सांगितला आहे.

‘जीन’ला मराठींत ‘जनुक’ म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम लिहिला त्याची पाठ थोपटावी असें आम्हांस वाटतें. संस्कृतांतला ‘जन्’ आणि ग्रीकांतला ‘गेनोस्’ हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें. उच्चारांतही मुळाशीं जवळीक. आणि अर्थ पाहूं गेलें तर जें उत्पन्न करतें तें, याहून एक अक्षर अधिक नाहीं. योहान्सेनला मराठी येत असतें तर त्यानें हा शब्द नाकारला नसता.

आतां ‘गुणसूत्र’ पाहूं. यांतील ‘सूत्र’ निर्दोष आहे. फ्लेमिंगला धागाच दिसला होता. पण ‘रंग’ कोठें गेला, आणि ‘गुण’ कोठून आला? एखादा चिकित्सक म्हणेल कीं संस्कृतांत ‘गुण’ या शब्दाचा एक जुना अर्थ दोरीचा पदर, धागा, धनुष्याची दोरी असाच आहे, आणि द्विगुण-त्रिगुण म्हणजे मुळांत दोनपदरी-तीनपदरी. हें खरें. त्या अर्थानें गुणसूत्र म्हणजे ‘दोरीचा दोरा’ झाला, आणि तसा तो कोणी घेत असेल तर आमची तक्रार नाहीं! पण मराठी माणूस ‘गुण’ ऐकतो तेव्हां त्याला दोरी ऐकूं येत नाहीं. त्याला सद्‌गुण-दुर्गुण ऐकूं येतात. सत्त्व-रज-तम ऐकूं येतात. परीक्षेंतले गुण, औषधाचा गुण, ‘गुणाची पोर’, ‘गुण उधळणें’ हें सारें ऐकूं येतें. आणि सर्वांत मोठ्यानें ऐकूं येतात ते पत्रिकेंतले छत्तीस गुण. ज्या समाजांत वधूवरांचे गुण जुळतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अजून पंचांग उघडलें जातें, त्या समाजाच्या हातीं ‘गुणांचें सूत्र’ असा शब्द द्यावयाचा, आणि वर तें सूत्र आईबापांकडून येतें असें सांगावयाचें, मग त्यानें त्याचा अर्थ काय करावा अशी आपली अपेक्षा होती? त्यानें तोच केला. शास्त्र तेवढें नवें आलें. पत्रिका जुनीच राहिली.

गंमत अशी कीं, आपल्या खेड्यांतल्या भाषेनें हा भेद पूर्वींच ओळखला होता. ‘ढवळ्याशेजारीं बांधला पोवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला.’ वाण म्हणजे वर्ण, रंग. रंग संगतीनें बदलत नाहीं, गुण मात्र संगतीनें लागतो. म्हणीला शास्त्र समजण्याइतके आम्ही भोळे नाहीं. बैलांच्या बाबतींतही ती सर्वस्वीं खरी असेलच असें नाहीं. पण शब्दांची वांटणी तरी पहा! जन्मानें येणारें तें वाण, शेजारानें येणारें तें गुण. वाल्डायरनें आपल्या वस्तूचें नांव रंगावरून ठेवलें होतें. आपण रंग पुसून तेथें नेमका तो शब्द लिहिला कीं जो शेतकऱ्यानें संगतीसाठीं राखून ठेवला होता.

कोणी विचारील: परंतु या सूत्रांतूनच आईबापांचे गुण मुलांत उतरतात ना? मग नांव चुकलें कोठें? येथें थोडें थांबलें पाहिजे. सूत्रांतून उतरतात तीं जनुकें. जनुक म्हणजे, ढोबळ मानानें, शरीरांतील एखादें प्रथिन कसें घडवावें याची लिहिलेली आज्ञा. माणसांत अशीं जनुकें सुमारें वीस हजार आहेत, आणि या सूत्रांतील जो भाग प्रत्यक्ष प्रथिनांची आज्ञा देतो तो सगळ्याच्या दोन शतांशांहूनही कमी आहे. ती आज्ञा आणि ‘गणितांत हुशार’, ‘स्वभावानें सालस’, ‘हाताचा उधळा’ यांच्यामध्यें केवढें अंतर आहे! उंचीसारखी साधी गोष्ट घेतली तरी तींत शेंकडों जनुकांचा थोडाथोडा वांटा असतो, आणि त्यांत पुन्हां बाळपणीं मिळालेल्या अन्नाचा. आणि जेथें एकाच जनुकानें सारें बिघडतें तेथेंही तें जनुक म्हणजे निकाल नव्हे. फिनिलकीटोन्यूरिया नांवाचा एक रोग आहे. नॉर्वेंतील डॉक्टर आस्ब्यर्न फलिंग यानें तो १९३४ सालीं ओळखला. बाराव्या सूत्रावरील एका जनुकांत दोष असतो. तें सदोष जनुक आई व बाप दोघांकडूनही आलें तर अन्नांतील फिनिलअ‍ॅलनिन हा घटक शरीराला पचवितां येत नाहीं, तो सांचून मेंदूची वाढ खुंटते, आणि मूल मतिमंद होतें. जुन्या भाषेंत बोलावयाचें तर हा ‘रक्तांतला दोष’. पण मूल जन्मतांच रक्त तपासून त्याला तो घटक बेताचा असलेलें अन्न दिलें तर त्याची बुद्धि जवळजवळ इतरांसारखीच वाढते. जनुक तेंच, सूत्र तेंच. गुण मात्र ताटावर ठरला. १९५३ सालापासून हा उपाय माहीत आहे. ‘गुणसूत्रांतच खोट’ म्हणणाऱ्या गृहस्थांनीं हें एक उदाहरण रोज जेवतांना आठवावें.

आणि संख्येवरच गुण द्यावयाचे असतील तर ४८ सूत्रांचा बटाटा माणसाच्या पुढें दोन गुणांनीं जातो, आणि कुत्रा ७८ मिळवून विशेष योग्यता पटकावतो.

केवळ शब्दानें एवढा घोळ होतो काय? इंग्रजीभाषक लोकांतही असला घोळ झाला आहे, तो कसा झाला हें पाहण्यासारखें आहे. १९६५ सालीं एडिंबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स व त्यांचे सहकारी यांनीं स्कॉटलंडमधील एका कडेकोट बंदोबस्ताच्या रुग्णालयांत ठेवलेल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हां अपेक्षेहून अधिक जणांत ‘वाय’ हा धागा एकाऐवजीं दोन निघाला. वर्तमानपत्रांस एवढें पुरें झालें. ‘गुन्हेगारीचें क्रोमोसोम’ सांपडलें असा डांगोरा पिटला गेला; १९६६ सालीं शिकागोंत आठ तरुण परिचारिकांचा खून करणाऱ्या इसमांत तो जादा धागा आहे असेंही १९६८ मध्यें छापून आलें. तें साफ खोटें होतें. त्याची तपासणी सर्वसाधारण निघाली. पुढें डेन्मार्कमधील मोठ्या पाहणींत, जिचा वृत्तांत १९७६ सालीं प्रसिद्ध झाला, अशा पुरुषांत हिंसक वृत्ति अधिक असल्याचा पुरावा मिळाला नाहीं. असे बहुतेक पुरुष थोडे उंच असतात, आणि आपणांत कांहीं निराळें आहे हें त्यांना जन्मभर कळतही नाहीं. येथें लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, हा गैरसमज उत्पन्न करावयास इंग्रजी वर्तमानपत्रांस ‘क्रोमोसोम’ला ‘गुन्हेगारीचें’ असें विशेषण जोडावें लागलें. विशेषण खोटें ठरलें, तें गळून पडलें, नाम स्वच्छ राहिलें. मराठींत विशेषण जोडण्याची गरजच नाहीं. नामांतच तें आहे, आणि म्हणून तें गळून पडण्याचीही सोय नाहीं.

आणि आपल्याकडे हा खेळ नुसता वर्तमानपत्री नाहीं. ‘गुण जन्मानें येतात’ हें वाक्य आपल्या देशांत कोणत्या कामीं आलें आहे हें सांगण्याची गरज नसावी. जातिभेदाचे समर्थक जेव्हां शास्त्रीय भाषा बोलूं लागले, रक्तशुद्धि व वंशशुद्धि यांचे दाखले देऊं लागले, तेव्हां त्यांस उत्तर देण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं थेट जीवशास्त्राचाच ग्रंथ उघडला. १९३६ सालीं लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठीं त्यांनीं जें अध्यक्षीय भाषण लिहिलें, आणि परिषद रद्द झाल्यावर स्वतः छापून काढलें, त्यांत विल्यम बेटसन याचा आधार घेतला आहे. हा बेटसन म्हणजे ‘जेनेटिक्स’ या शब्दाचा जनक. १९०५ सालीं त्यानें तो एका पत्रांत प्रथम लिहिला. त्याचें मत असें कीं, उच्च प्रतीचे मानसिक गुण कोणत्याही एका ठराविक पद्धतीनें वंशांत उतरतात असें मानावयास आधार नाहीं; ते एखाद्या विवक्षित घटकाचें फळ नसून अनेक घटक एकत्र येण्याचें फळ असण्याचा संभव अधिक. म्हणजे या शास्त्राला ज्यानें नांव दिलें त्यानेंच मनाच्या गुणांना एका धाग्याला बांधण्याचें नाकारलें होतें, आणि मुंबईच्या एका बॅरिस्टरानें तें वेळेवर वाचून पुढें मांडलें होतें. असें असतां आपण मात्र शाळेंत पोरांना त्याच वस्तूचें नांव ‘गुणांचें सूत्र’ म्हणून पाठ करावयास लावतों! एकीकडे जन्मावरून गुण ठरवूं नये असा नागरिकशास्त्राचा धडा, दुसरीकडे गुण जन्माच्या सूत्रांत असतात असा जीवशास्त्राचा शब्द. पोरगा बिचारा दोन्ही पाठ करतो. आणि घरीं जाऊन आजोबांचें ऐकतो.

आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे; ती सुखाची नाहीं. या सूत्रांनीं निःसंशय ठरणारी एक गोष्ट आहे: मुलगा कीं मुलगी. आईकडून नेहमीं ‘एक्स’च येतो, बापाकडून ‘एक्स’ आला तर मुलगी, ‘वाय’ आला तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या विदुषीनें १९०५ सालीं पिठांतल्या किड्याच्या पेशींत हा भेद पाहिला. आज तो दहावीच्या मुलासही ठाऊक असतो. म्हणजे मुली होतात म्हणून सुनेला बोल लावणें हें ज्या दिवशीं हा धडा मराठींत छापला त्या दिवशीं बंद व्हावयास हवें होतें. झालें काय? गर्भजलांतील पेशी काढून त्यांतील सूत्रें पाहण्याची विद्या आली, ती जन्मजात रोग ओळखण्यासाठीं आली होती, आणि आपल्या शहरांत ती कशासाठीं वापरली गेली हें सर्वांस ठाऊक आहे. १९८८ सालीं महाराष्ट्राला, आणि १९९४ सालीं साऱ्या देशाला, त्याविरुद्ध कायदा करावा लागला. हीं तपासणीची फी भरणारीं घरें अडाणी नव्हतीं. गुणसूत्र हा शब्द त्यांना येत होता. त्या सूत्रांनीं जें खरोखर ठरतें त्याचा बोल सुनेच्या माथीं, आणि जें त्यांनीं ठरत नाहीं, तें शहाणपण, तो सालसपणा, ती कर्तबगारी, हें सारें मात्र ‘आमच्या घराण्याच्या गुणसूत्रांत’!

हा सगळा दोष एका शब्दाचा, असें आम्ही म्हणत नाहीं. उद्यां शब्द बदलला म्हणून सासू बदलणार नाहीं. पण लबाडाला उसनी काठी मिळाली असेल तर ती काढून घेणें एवढें तरी आपल्या हातीं आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला नेहमींचा: शब्दाची व्युत्पत्ति चुकली तरी बिघडत नाहीं, ‘ऑक्सिजन’चा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा असा आहे व तो चूक आहे, तरी जगाचें काय अडलें? हा आक्षेप इंग्रजीच्या बाबतींत बिनतोड आहे आणि मराठीच्या बाबतींत निकामी. लंडनच्या विद्यार्थ्याला ‘ऑक्सिजन’ मधली ग्रीक ऐकूं येत नाहीं; त्याला तो नुसता आवाज आहे. मराठी परिभाषा मात्र जाणूनबुजून अशा धातूंतून घडविली गेली कीं, त्या ऐकतांक्षणींच अर्थ बोलाव्या. तोच तिचा अभिमान. मग ज्या भाषेंत शब्दाचे तुकडे जिवंत आहेत, बोलतात, तेथें ते काय बोलतात याची जबाबदारी शब्द घडविणारावर येते. अभिमान घ्यावयाचा आणि जबाबदारी टाळावयाची, हें चालणार नाहीं.

दुसरा आक्षेप: शब्द रूढ झाला आहे. आहे खरा. पण रूढ झालेले शब्द पाठ्यपुस्तकांनीं पूर्वीं बदलले नाहींत असें नाहीं; दर नव्या अभ्यासक्रमाबरोबर आईबापांना मुलांचीं पुस्तकें नव्यानें शिकावीं लागतात हा प्रत्येक घराचा अनुभव आहे. तेवढी उलथापालथ बिनकामाची चालते, तर एक कामाचीही चालेल.

तिसरा आक्षेप: हिंदींतही ‘गुणसूत्र’च आहे, एकवाक्यता मोडेल. याला उत्तर देण्यासाठीं दूर जावयास नको. गुजरातींत ‘रंगसूत्र’ म्हणतात. मुंबईंत, बडोद्यांत, सुरतेंत आपल्या शेजारचीं मुलें हाच शब्द घोकून परीक्षा उत्तीर्ण झालीं आहेत, आणि त्यांचें जीवशास्त्र कोठें अडलेलें दिसत नाहीं. चीन व जपान येथील लोकांनीं तर जो शब्द घडविला त्याचा अक्षरशः अर्थ ‘रंगविलेलें शरीर’ असाच आहे. बंगाल्यांनीं क्रोमोसोमच ठेवला. एकवाक्यता कोणाशीं साधावयाची हें आपणच ठरवावयाचें असेल, तर वाल्डायरशीं साधलेली बरी.

कोणी मधला मार्ग म्हणून ‘जनुकसूत्र’ सुचवितात. तो गुणसूत्राहून पुष्कळ बरा. पण वर सांगितल्याप्रमाणें सूत्रांतला फार मोठा भाग प्रथिनें घडवीत नाहीं, आणि त्या उरलेल्या भागाचें काम काय यावर पंडितांचें अजून एकमत नाहीं. उद्यां ‘जनुक’ या शब्दाचीच मर्यादा हलली तर हा जोडशब्दही तिच्याबरोबर हलेल. ‘रंगसूत्र’ला ती भीति नाहीं. धागा आहे आणि रंग घेतो, हें १८८२ सालीं खरें होतें, आजही प्रयोगशाळेंत कोणाही विद्यार्थ्याला कांद्याच्या मुळाचें टोक रंगवून स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येतें. कांद्याच्या पेशींत हे धागे १६ असतात. ते मोजतांना त्यांत गुण कोणते, असें आजवर एकाही विद्यार्थ्यानें विचारल्याचें आम्ही ऐकलें नाहीं.